वेडें रोप आणि उंच झाड

द्राक्षांचा हंगाम आला कीं आपल्या घरांत टपोऱ्या, लांबट, हिरव्या द्राक्षांचे घड येतात. मुलें तीं मुठीमुठीनें खातात. बी थुंकण्याची त्यांना आठवणही होत नाहीं, कारण त्या द्राक्षांत खाण्याच्या आड येणारी बी नसतेच. परंतु ज्या द्राक्षांत बी भरत नाहीं तें द्राक्ष मुळांत लहान राहावयाचें. फळाला फुगविणारें एक द्रव्य बियांतून येतें. बी गेली कीं तें द्रव्यही आटतें. मग नाशिक-सांगलीकडील मळ्यांतलीं हीं द्राक्षें एवढीं टपोरीं कां होतात, असें एखाद्या बागाईतदाराला विचारून पाहा. तो एका वाक्यांत उत्तर देईल, "जी. ए. दिलें म्हणून." घड कोंवळे असतांना तो ते एका अतिशय पातळ द्रावणांत बुडवितो, किंवा त्यांवर तें द्रावण फवारतो. बियांनीं जें पुरवावयाचें तें येथें माणूस आपल्या हातानें पुरवितो.

ह्या जी. ए.चें पूर्ण नांव जिबरेलिक आम्ल. त्याची कहाणी द्राक्षाच्या मळ्यांत सुरू झाली नाहीं. ती भाताच्या खाचरांत, एका रोगापासून सुरू झाली. आतां ती झाडांच्या जनुकांत हात घालून त्यांची वाढ बदलण्याच्या प्रयोगांपर्यंत येऊन पोंचली आहे. ह्या सगळ्या प्रवासांत द्रव्य एकच. पण तें एकदां रोग ठरलें, एकदां तें कमी करून कोट्यवधि लोकांचें अन्न वाढविण्यांत आलें, आणि एकदां तें वाढवून अधिक लांकूड मिळविण्याचें स्वप्न पाहण्यांत आलें. हें कसें घडलें तें आज आपणांस सांगावें अशी माझी इच्छा आहे.

जपानांतील शेतकऱ्यांना एक विचित्र रोप फार दिवसांपासून परिचित होतें. भाताच्या तरव्यांत सारीं रोपें वीतभर असतांना मधूनच एखादें रोप भराभर वर निघे. तें बारीक, फिकट, पिंवळट असे, आणि शेजाऱ्यांच्या डोक्यांवरून मान काढून उभें राही. नवख्याला वाटावें कीं, हेंच सर्वांत जोमदार. पण शेतकरी फसत नसे. असें रोप बहुधा लौकरच मरून जाई, आणि जगलें तरी त्याची लोंबी पोचट निघे. त्याला त्यांनीं नांव ठेविलें होतें 'बाकानाए', म्हणजे वेडें रोप. ह्या नांवांत थट्टा आहे, पण त्या थट्टेंत पिढ्यान् पिढ्यांचा अनुभवही आहे. जें सर्वांत उंच दिसतें तेंच सर्वांत बळकट असेल असें नाहीं, हें त्या शेतकऱ्यांना प्रयोगशाळेवांचून कळलेलें होतें.

१८९८ सालीं शोतारो होरी ह्या जपानी शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, रोपाला हें वेड लागतें तें एका बुरशीमुळें. त्या काळीं फॉर्मोसा, म्हणजे आजचें तैवान, हें बेट जपानच्या अमलाखालीं होतें. तेथें काम करणाऱ्या केन्किची सावादा ह्यानें १९१२ सालीं असा तर्क मांडला कीं, बुरशीच्या धाग्यांपासून मिळणाऱ्या कशाच्या तरी उत्तेजनामुळें रोपाची ही अवास्तव वाढ होत असावी. तर्क उत्तम होता, पण पुरावा हवा होता. तो १९२६ सालीं त्याच बेटावर एइची कुरोसावा ह्यानें दिला. त्यानें बुरशी एका द्रवांत वाढविली, द्रव गाळून त्यांतील बुरशी पूर्णपणें काढून टाकली, आणि उरलेला निर्जीव रस भाताच्या निरोगी रोपांना दिला. रोपें वेड्यासारखीं वाढूं लागलीं. तेव्हां वेड लावणारी वस्तु बुरशी स्वतः नव्हे, तर बुरशी जें कांहीं बाहेर टाकते तें होय, हें निर्विवाद ठरलें.

योगायोग असा कीं, ह्याच १९२६ सालीं हॉलंडमध्यें फ्रिट्झ वेंट हा तरुण ओटाच्या कोंवळ्या कोंबांवर दुसऱ्या एका वर्धक द्रव्याचा शोध घेत होता. चार्ल्स डार्विननें आपला मुलगा फ्रान्सिस ह्याच्या साहाय्यानें १८८० सालीं असें दाखविलें होतें कीं, कोंब उजेडाकडे वळतो तो त्याच्या शेंड्याकडून खालीं येणाऱ्या कसल्या तरी प्रभावामुळें. वेंटनें तो प्रभाव म्हणजे एक रासायनिक द्रव्य असल्याचें सिद्ध केलें. त्याला पुढें ऑक्झिन हें नांव मिळालें. वनस्पतीच्या एका भागांत अत्यल्प प्रमाणांत निर्माण होऊन दुसऱ्या भागाला आज्ञा करणाऱ्या अशा द्रव्यांना आपण संप्रेरक म्हणतों. वनस्पतीला मेंदू नाहीं, मज्जातंतु नाहींत; तिच्या देहांतील सारा कारभार ह्या रासायनिक निरोपांवर चालतो.

जपानांतील द्रव्याला नांव मिळालें तें १९३५ सालीं. तोकियोच्या विद्यापीठांतील प्राध्यापक तेइजिरो याबुता ह्यांनीं त्या बुरशीच्या जिबरेला ह्या शास्त्रीय नांवावरून त्याला 'जिबरेलिन' म्हटलें, आणि १९३८ सालीं त्यांनीं व युसुके सुमिकी ह्यांनीं तें स्फटिकरूपांत वेगळें काढलें. मग महायुद्ध आलें, आणि हें संशोधन जपानच्या बाहेर फारसें कोणाला ठाऊक झालें नाहीं. युद्ध संपल्यावर मात्र इंग्लंड, अमेरिका व जपान ह्या तिन्ही देशांत तें नव्या जोमानें सुरू झालें.

इंग्लंडांत पर्सी ब्रायन व त्यांचे सहकारी हेमिंग ह्यांनीं १९५५ सालीं एक साधाच, पण फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. वाटाण्याच्या ठेंगण्या जातीच्या रोपांना त्यांनीं जिबरेलिक आम्ल दिलें, आणि तीं ठेंगणीं रोपें उंच जातीच्या रोपांएवढीं वाढलीं. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत बर्नार्ड फिनी ह्यांनीं ठेंगण्या मक्यावर असाच परिणाम दाखविला. आतां मनांत शंका येणें स्वाभाविक होतें. जें द्रव्य बुरशींत सांपडलें तें वनस्पतीला इतकें मानवावें कसें ? ह्याचें उत्तर १९५८ सालीं मिळालें. जेक मॅकमिलन व सूटर ह्यांनीं घेवड्याच्या जातीच्या कोंवळ्या बियांतूनच जिबरेलिन वेगळें काढलें. म्हणजे हें द्रव्य वनस्पतीचें स्वतःचेंच होतें. बुरशीनें वनस्पतीची भाषा उचलली होती आणि त्या भाषेंत ती भाताला खोटी आज्ञा देत होती.

येथें इतिहास एकदम जवळजवळ शंभर वर्षें मागें जातो. ग्रेगॉर मेंडेल ह्या धर्मगुरूनें १८६६ सालीं वाटाण्यावरील आपले प्रयोग छापून प्रसिद्ध केले. त्यानें निवडलेल्या सात लक्षणांपैकीं एक लक्षण उंचीचें होतें. एक जात सहा ते सात फूट वाढणारी, तर दुसरी पाऊण ते दीड फुटांवर थांबणारी. ह्या दोहोंच्या संकराच्या दुसऱ्या पिढींत १०६४ झाडांपैकीं ७८७ उंच व २७७ ठेंगणीं निघालीं, आणि तीनास एक ह्या प्रमाणांतून आनुवंशिकतेचें शास्त्र जन्मास आलें. परंतु ठेंगण्या वाटाण्यांत नेमकें काय उणें होतें, हें मेंडेलला कळण्याचा मार्गच नव्हता. तें १९९७ सालीं कळलें. ज्या जनुकाच्या आज्ञेनें जिबरेलिनाला त्याचें शेवटचें, कार्यक्षम रूप मिळतें, तें जनुक ठेंगण्या वाटाण्यांत बिघडलेलें असतें. मठाच्या बागेंतील त्या धर्मगुरूनें नकळत जिबरेलिनाचीच मोजदाद केली होती.

ह्यानंतरची हकीकत आपल्या ताटांतील पोळीभाताची आहे. गव्हाच्या व भाताच्या जुन्या जाती उंच होत्या. त्यांना खत अधिक दिलें कीं त्या आणखी उंच होत, ओंबी जड होई, आणि वाऱ्यापावसांत सारें पीक लोळे. जमिनीला दिलेलें खत शेवटीं चिखलांत जाई. ह्यावर उपाय म्हणून वनस्पति-पैदासकारांनीं ठेंगण्या जाती हुडकल्या. जपानांतील 'नोरिन १०' हा ठेंगणा गहूं महायुद्धानंतर अमेरिकेंत गेला. तेथें ऑर्व्हिल व्होगेल ह्यांनीं आणि मेक्सिकोंत नॉर्मन बोरलॉग ह्यांनीं त्याचा आपल्या जातींशीं संकर केला. १९६६ सालीं भारतानें मेक्सिकोहून १८,००० टन बियाणें आणविलें; कल्याणसोना व सोनालिका हीं नांवें आपल्याकडील जुन्या शेतकऱ्यांना अजून आठवतात. त्याच वर्षीं फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात-संशोधन संस्थेनें 'आय. आर. ८' ही ठेंगण्या भाताची जात बाहेर काढली. तिच्या मातापित्यांपैकीं एक इंडोनेशियाचा उंच भात होता, आणि दुसरा होता फॉर्मोसा बेटावरील 'डी-जिओ-वू-जेन' हा ठेंगणा भात.

ठेंगणेपणाचें कारण त्या वेळीं कोणालाच नक्की सांगतां आलें नसतें. तें पुढें उलगडलें. १९९९ सालीं दिसून आलें कीं, ठेंगण्या गव्हांत जिबरेलिन असतें, पण गहूं त्याची आज्ञा नीट ऐकत नाहीं. २००२ सालीं दिसून आलें कीं, ठेंगण्या भातांत जिबरेलिन तयार करणारें एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें एक प्रथिन, दुबळें झालेलें असतें. त्या विकराचें नांव जी. ए.-२० ऑक्सिडेज. हें नांव लक्षांत ठेवावें, कारण पुढें तें पुन्हां येणार आहे. एकाच बेटानें जगाला ह्या गोष्टीच्या दोन्ही बाजू दाखविल्या, हें मला मोठें नवल वाटतें. फॉर्मोसांत कुरोसावाला जिबरेलिनाच्या अतिरेकानें वेडावलेलें रोप भेटलें, आणि फॉर्मोसांतच जिबरेलिनाच्या उणिवेनें शहाणें झालेलें रोपही उगवत होतें. पहिलें उंच होऊन उपाशी मरत होतें. दुसरें ठेंगणें राहून दाण्यांनीं भरत होतें.

धान्याच्या बाबतींत जगानें उंची उतरविली. झाडाच्या बाबतींत मात्र माणसाला उंचीच हवी होती. धान्यांत आपण दाणा घेतों व ताट मागें ठेवतों; झाडांत आपणांस खोडच हवें असतें. कागदाचा लगदा, फळ्या, सरपण, सारें खोडांतूनच निघतें. शिवाय झाडाच्या वाढीला वेळ लागतो. गव्हाचा पैदासकार आपल्या हयातींत चाळीस-पन्नास पिढ्या पाहूं शकतो. झाडाच्या पैदासकाराला दोन-तीन पिढ्या पाहावयास मिळाल्या तरी तो स्वतःला भाग्यवान् समजेल. म्हणून निसर्गानें आपण होऊन एखादें मोठें झाड दिलें कीं त्याचें फार कौतुक होई. स्वीडनमध्यें १९३६ सालीं हेर्मान निल्सन-एहले ह्यांनीं रानांत सांपडलेल्या एका अवाढव्य ॲस्पेन झाडाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या झाडाच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनांऐवजीं तीन संच होते. ॲस्पेन ही पॉप्लरची एक जात. तिचें पान पिंपळाच्या पानासारखें, जरा वारा आला कीं थरथरणारें. ह्या झाडाची ओढ स्वीडनच्या वनशास्त्रज्ञांना अशी जुनीच आहे.

झाडाच्या जनुकांत हात घालण्याची युक्ति माणसाला एका जंतूनें शिकविली. अनेक झाडांच्या खोडाला जमिनीजवळ वेड्यावांकड्या गांठी येतात. १९०७ सालीं स्मिथ व टाउनसेंड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं ह्या गांठींचें कारण एक सूक्ष्म जंतु असल्याचें दाखविलें. हल्लीं त्याला ॲग्रोबॅक्टेरियम म्हणतात. हा जंतु झाडाला पोखरीत नाहीं. तो आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशींत सोडतो, आणि ती पेशी त्या तुकड्याला आपलाच समजून त्याच्या आज्ञा पाळूं लागते. ही गोष्ट १९७७ सालीं मेरी-डेल चिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथें सिद्ध केली. त्या तुकड्यांत कोणत्या आज्ञा असतात ? ऑक्झिन तयार करण्याची, आणि पेशींची विभागणी करविणाऱ्या सायटोकायनिन ह्या दुसऱ्या संप्रेरकाची. तेव्हां वनस्पतीच्या जनुकांत ढवळाढवळ करून तिचीं संप्रेरकें बदलणें हा माणसाचा शोध नाहीं. हा जंतु तेंच काम युगानुयुगें करीत आला आहे. माणसानें एवढेंच केलें कीं, जंतूच्या त्या तुकड्यांतून गांठ आणणाऱ्या आज्ञा काढून टाकल्या आणि त्यांच्या जागीं आपणांस हव्या त्या आज्ञा भरल्या. १९८३ पर्यंत तंबाखूसारख्या वनस्पतींत हें साधलें, आणि १९८७ सालीं तणनाशकाला दाद न देणारा पॉप्लर अमेरिकेंत अशाच रीतीनें तयार झाल्याचें प्रसिद्ध झालें.

पॉप्लरचीच निवड कां झाली ? एक तर तो झपाट्यानें वाढतो. दुसरें, त्याची फांदी खोंचली तरी रुजते. तिसरें, त्याच्या पानाच्या वा खोडाच्या लहानशा तुकड्यापासून प्रयोगशाळेंत अख्खें झाड उभें करतां येतें. २००६ सालीं ज्या झाडाच्या सर्व जनुकांची संपूर्ण लिपि प्रथम वाचली गेली तेंही पॉप्लरच होतें. उत्तर स्वीडनमधील उमेओ ह्या शहरांत, जेथें हिवाळ्यांत दिवस कांहीं तासांचाच असतो, तेथील शास्त्रज्ञांनीं ॲस्पेनच्या संकरित जातीवर हें काम हातीं घेतलें. १९९५ सालीं त्यांनीं गांठीच्या जंतूचींच ऑक्झिन बनविणारीं जनुकें झाडांत घातल्याचें प्रसिद्ध केलें. त्या झाडांची वाढीची ठेवण आणि लांकडाची घडणही बदललेली दिसली. आणि २००० सालीं मारिया एरिक्सन, मारिया इस्राएलसन, ओलोफ ऑल्सन व थॉमस मोरित्झ ह्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनीं अरेबिडॉप्सिस ह्या मोहरीच्या कुळांतील बोटभर तणाचें एक जनुक ॲस्पेनमध्यें घातलें होतें. तें जनुक कोणत्या विकराचें ? जी. ए.-२० ऑक्सिडेजचें. म्हणजे ठेंगण्या भातांत जें विकर दुबळें झाल्यामुळें आशियाची भूक शमण्यास मदत झाली, त्याच कुळांतील विकर ह्या झाडांत मुद्दाम प्रबळ करण्यांत आलें.

परिणाम अपेक्षेप्रमाणें झाला. झाडें उंच वाढलीं, जाड झालीं, त्यांचीं पानें मोठीं झालीं. लांकडांतील तंतूंची संख्या वाढली, आणि ते तंतु अधिक लांबही झाले. लांब तंतु म्हणजे अधिक बळकट कागद, हें कारखानदाराला सांगावें लागत नाहीं. एका तणाच्या एका जनुकानें एवढें काम केलें, ह्याचें कौतुक व्हावें तेवढें थोडेंच. पण त्याच निबंधांत एक बारीक नोंद होती, आणि माझ्या मतें ती त्यांतील फार मोलाची नोंद आहे. ह्या झाडांच्या कलमांना मुळें फुटण्यास अडचण पडत होती. त्या कोंवळ्या झाडांची पुढील वाढ त्यामुळें फारशी अडली नाहीं, हें त्या शास्त्रज्ञांनीं प्रामाणिकपणें सांगितलें. परंतु वर चढणारा कोंब आणि खालीं उतरणारें मूळ ह्यांच्यांत कांहीं तरी देवघेव आहे, ही गोष्ट तेथें उघड झाली.

ती देवघेव अमेरिकेंतील ऑरेगॉनमध्यें दुसऱ्या टोंकानें पाहण्यांत आली. तेथें व्हिक्टर बुसोव्ह, स्टीव्हन स्ट्रॉस व त्यांचे सहकारी ह्यांनीं पॉप्लरच्या सहाशेंहून अधिक निरनिराळ्या ओळी तयार केल्या होत्या. त्यांपैकीं प्रत्येकींत कोठलें तरी एखादें जनुक अंदाजानें जागें केलेलें होतें. त्यांत त्यांना एक ठेंगणें झाड सांपडलें. २००३ सालीं त्यांनीं त्याचें कारण प्रसिद्ध केलें : जिबरेलिनाचा नाश करणारें विकर त्या झाडांत अति प्रबळ झालें होतें. पुढें २०१० सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, जिबरेलिन कमी झालें कीं पॉप्लरला बाजूचीं मुळें अधिक फुटतात. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कामांत अशीं अर्धठेंगणीं झाडें वाढवून पाहिलीं. त्यांचा देह मुळांकडे अधिक झुकला होता, आणि शेजारच्या झाडांशीं उजेडासाठीं झगडण्यांत तीं मागें पडत होतीं. हें मागें पडणें त्या शास्त्रज्ञांना दोष वाटला नाहीं. मानवनिर्मित झाड चुकून रानांत गेलें, तर तें रानटी झाडांना हटवूं शकणार नाहीं, हा त्यांत एक प्रकारचा भरवसा होता.

मग उंची आणि मूळ हीं दोन्ही एकत्र मिळावयाचींच नाहींत काय ? कोरियांतील शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं ह्याला एक उत्तर दिलें. त्यांनीं पाइन झाडाचें तेंच जी. ए.-२० ऑक्सिडेजचें जनुक पॉप्लरमध्यें घातलें. तें सर्व अंगांत जागें ठेविलें तेव्हां लांकूड वाढलें, पण मुळें व पानें बिघडलीं. तें जेव्हां फक्त नवें लांकूड घडत असलेल्या जागींच जागें राहील अशी व्यवस्था केली, तेव्हां लांकूड वाढलें आणि तें नुकसान बरेंचसें टळलें. वेड्या भाताचें दुखणें हेंच होतें; तेथें आज्ञा चुकीच्या ठिकाणाहून, चुकीच्या वेळीं आणि बेसुमार मिळत होती. वनस्पतीच्या शरीरांत संप्रेरक किती आहे ह्याइतकेंच महत्त्व तें कोठें आणि केव्हां आहे ह्यालाही असतें.

हा प्रयोगशाळेंतील इतिहास झाला. त्याच्या बाहेर एक निराळा इतिहास घडत होता, आणि तो तितका शांत नव्हता. २१ मे २००१ रोजीं सिअ‍ॅटल येथील विद्यापीठाच्या उद्यानविद्या केंद्राला आग लावण्यांत आली, आणि त्याच दिवशीं ऑरेगॉनमधील एका पॉप्लरच्या शेतावरील इमारत व गाड्या जाळण्यांत आल्या. जनुकें बदललेल्या झाडांना विरोध म्हणून हें करण्यांत आलें. त्या शेतावरील पॉप्लर मात्र जुन्या पद्धतीच्या संकरानें तयार केलेले होते. भीति आंधळी झाली म्हणजे ती कोणत्या दारीं आग लावील ह्याचा नेम नसतो. पण म्हणून भीतीच्या मुळाशीं कांहींच नव्हतें असें म्हणणेंही न्यायाचें होणार नाहीं. चीनमध्यें २००२ सालीं किडीला दाद न देणाऱ्या पॉप्लरच्या व्यापारी लागवडीस परवानगी मिळाली, आणि ब्राझीलमध्यें २०१५ सालीं अधिक लांकूड देणाऱ्या एका निलगिरीला. संप्रेरकाचें प्रमाण बदलणें हा ह्या दोहोंपैकीं कोणाचाही मार्ग नव्हता. पण जनुकें बदललेलें झाड कुंपणाबाहेर जाऊं शकतें, हें त्यांवरून ठरून गेलें.

आणि झाड कुंपणाबाहेर जाणें ही लहान गोष्ट नव्हे. पॉप्लरचा पराग वाऱ्यावर जातो, आणि त्याची बी कापसाच्या बोंडांतून उडाल्यासारखी दूरवर तरंगत जाते. आपला बागाईतदार द्राक्षाचा घड जी. ए.च्या द्रावणांत बुडवितो, तेव्हां त्याची चूक झाली तर एका हंगामाचें नुकसान होतें. पुढच्या वर्षीं तो प्रमाण कमी करतो. ठेंगण्या गव्हाची चूक असती तर ती चार महिन्यांत शेतांतच दिसली असती. झाडाच्या जनुकांत लिहिलेली आज्ञा मात्र त्या झाडाबरोबर तीस-चाळीस वर्षें उभी राहते. आज कुंडींत दोन हात वाढलेलें रोप उद्यां वादळांत, दुष्काळांत, गोठविणाऱ्या थंडींत कसें वागेल, हें प्रयोगशाळेच्या कांचेच्या घरांत कळत नाहीं. तें उत्तर फक्त काळच देतो, आणि काळाला कोणत्याही विकरानें घाई करतां येत नाहीं.

म्हणून ह्या संशोधनाला शाप म्हणावें कीं वरदान, असा प्रश्न कोणी विचारला तर मला तो प्रश्नच अपुरा वाटतो. जगाला लांकूड हवें आहे, कागद हवा आहे. लावलेलें वन थोड्या जमिनींत अधिक देऊं लागलें, तर जुन्या अरण्यांवरची कुऱ्हाड कांहीं अंशीं थांबेल, ही आशाही खोटी नाहीं. पण जिबरेलिनाचा इतिहास आपणांस एक सावधपणा शिकवितो. ज्या शेतकऱ्यांनीं उंच रोपाला वेडें म्हटलें ते वाढीचे शत्रु नव्हते. त्यांना वाढ पाहून पुढें लोंबीकडे पाहावयाची संवय होती. ठेंगण्या गव्हाच्या पैदासकारांनींही उंचीकडे पाहिलें नाहीं. त्यांनीं वाऱ्यांत कोण उभें राहतें तें पाहिलें.

स्वीडनच्या त्या झाडांची उंची मोजणाऱ्यांनीं त्यांच्या मुळांचीही नोंद केली, हें फार चांगलें झालें. उद्यां आपल्याकडे कोणी असें झाड घेऊन आला, तर तें किती उंच वाढतें हें तो आपण होऊनच सांगेल. आपण त्याला मुळाविषयीं विचारावें, आणि तें झाड किती वर्षें उघड्या वाऱ्यांत उभें राहिलें आहे हें विचारावें. तोंवर द्राक्षांचा हंगाम येत राहील. घडांतलें एखादें टपोरें द्राक्ष मुलाच्या हातावर ठेवतांना, भाताच्या खाचरांतील त्या वेड्या रोपाची गोष्ट त्याला अवश्य सांगावी.